कारागिरीची पातळी: ऑनलाइन भूमिकाखेळ आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे बांबूकाम

प्रश्नाची मांडणी

ऑनलाइन भूमिकाखेळ म्हणजे असा संगणकीय खेळ की ज्यात हजारो खेळाडू इंटरनेटद्वारे एकाच काल्पनिक जगात वावरतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राची क्षमता दीर्घकाळ खेळून वाढवीत नेतो. या खेळांत लढाईच्या जोडीने लोहारकाम, सुतारकाम, शिवणकाम, चर्मकाम, स्वयंपाक असे हस्तव्यवसायही असतात. खेळाडू त्यांना ‘क्राफ्टिंग’ म्हणतात, आणि त्यांतील प्रावीण्य एका आकड्याने दाखवले जाते. या आकड्याला ‘लेव्हल’ किंवा पातळी असे नाव आहे. पातळी वाढली की नव्या वस्तू बनवता येतात, नवे साहित्य हाताळता येते आणि इतर खेळाडूंत मान मिळतो. एखाद्याची कारागिरी वाढली असे नेमके केव्हा म्हणावे आणि ती वाढ कशाने मोजावी, हा प्रश्न या खेळांच्या रचनाकारांपुढे गेली जवळजवळ तीन दशके उभा आहे. खऱ्या कारागिरांसाठी प्रशिक्षण, प्रमाणपत्रे आणि कर्जाच्या योजना आखणाऱ्यांनाही याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

प्रस्तुत लेखात खेळांमधील प्रमुख पद्धतींचा आढावा घेऊन त्यांच्या शेजारी चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील बांबूकाम ठेवले आहे, आणि विचाराचे स्थान म्हणून गडचिरोलीच्या बारा तालुक्यांपैकी मुलचेरा हा तालुका समोर धरला आहे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या भूभागाचा दोन तृतीयांशांहून अधिक हिस्सा वनाच्छादित आहे. मुलचेरा परिसरात मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू यांच्या बरोबरीने, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींमुळे, बंगालीही बोलली जाते. कच्चा माल दाराशी, हाताचे काम पिढीजात आणि त्या कामाची अधिकृत श्रेणी मात्र दूरच्या कार्यालयात ठरणारी, अशी येथील स्थिती असल्यामुळे पातळीच्या प्रश्नाची कसोटी येथे चांगली लागते.

या आढाव्यातून पुढे येणारे प्रतिपादन असे की, कारागिरीची वाढ केलेल्या कृतींच्या संख्येत नसते; साहित्याची पारख, चुकीची किंमत सोसून घेतलेले निर्णय आणि वस्तू वापरणाऱ्याशी असलेले नाते या तीन गोष्टींत ती असते. ज्या खेळांनी या तिन्हींना मोजमापात जागा दिली, त्यांतील पातळीला अर्थ आला. ज्यांनी ती दिली नाही, तेथे आकडा वाढला आणि काम कंटाळवाणे झाले.

कृतींची गणना: पहिली पिढी

क्षमतेला आकड्यांच्या पायऱ्या लावण्याची कल्पना संगणकाआधीची आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या खेळात पात्राला अनुभवगुण मिळत आणि ते ठरावीक संख्येला पोहोचले की पात्र वरच्या पायरीवर जाई. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी १९७८ पासून घडवलेल्या ‘मड’ या मजकुरावर चालणाऱ्या बहुखेळाडू खेळाने तीच कल्पना संगणकाच्या जाळ्यावर नेली. हस्तव्यवसायाला मात्र मोठ्या प्रमाणावर स्थान मिळाले ते सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये.

‘अल्टिमा ऑनलाइन’चे तत्त्व सरळ होते: जे काम करावे त्याचे कौशल्य वाढावे. प्रत्येक कौशल्य शून्यापासून शंभरापर्यंत, गुणाच्या दहाव्या हिश्श्याने वाढे आणि शंभराला पोहोचलेल्याला ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी मिळे. सर्व कौशल्ये मिळून एका पात्राला सातशे गुणांची मर्यादा असल्यामुळे कोणालाही सर्व व्यवसायांत निष्णात होता येत नसे, आणि लोहाराला सुताराची, सुताराला शिंप्याची गरज पडे. ही मर्यादा त्या रचनेतील सर्वांत दूरदर्शी गोष्ट होती, कारण तिने कारागिरीला समाजात बसवले. परंतु करण्याने कौशल्य वाढते या तत्त्वाचा यांत्रिक अर्थ खेळाडूंनी लवकरच हेरला. एकच स्वस्त वस्तू शेकडो वेळा बनवली तरी गुण वाढतच, म्हणून अनेकांनी संगणकाला त्याच कळा पुन्हा पुन्हा दाबायला लावणाऱ्या आज्ञावली, म्हणजे ‘मॅक्रो’, चालवल्या आणि पात्र रात्रभर खंजीर घडवीत राहिले. त्या वस्तूंना गिऱ्हाईक नव्हते. त्या केवळ आकडा वाढवण्याचे साधन होत्या.

जानेवारी २००१ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘रूनस्केप’ने याच गणनेला काटेकोर गणिती रूप दिले. प्रत्येक कौशल्याच्या नव्याण्णव पातळ्या आणि शेवटच्या पातळीसाठी १,३०,३४,४३१ अनुभवगुण, अशी ती रचना होती. दर सात पातळ्यांमागे लागणारे गुण साधारण दुप्पट होत असल्यामुळे ब्याण्णवाव्या पातळीवर पोहोचलेला खेळाडू गुणांच्या हिशेबाने केवळ निम्म्या वाटेवर असतो. वरवर पाहता हा आलेख खऱ्या कौशल्यासारखा दिसतो, कारण आरंभी झपाट्याने आणि पुढे मंदगतीने होणारी प्रगती ही प्रत्येक शिकणाऱ्याच्या परिचयाची आहे. मात्र खेळात गती मंदावते ती मागणी वाढवलेली असते म्हणून. काम अवघड झालेले असतेच असे नाही. नव्वदाव्या पातळीवरही खेळाडू बऱ्याचदा तेच बटण दाबतो, फक्त अधिक वेळा दाबतो. खेळाडूंच्या बोलीत या पुनरावृत्तीला ‘ग्राइंड’ म्हणतात.

मे २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ने कृतींची गणना सोडून दिली आणि कौशल्य प्रत्यक्ष घड्याळावर बांधले. येथे खेळाडू शिकायचे कौशल्य निवडतो आणि तो खेळत असो वा नसो, ठरावीक काळानंतर पातळी वाढते. पाच पातळ्यांपैकी प्रत्येक पातळीला आधीच्या पातळीच्या सुमारे ५.६६ पट गुण लागतात. यामुळे निरर्थक पुनरावृत्ती संपली, आणि कारागिराचे खरे कसब कोणता माल कोठून आणावा, नकाशा किती सुधारावा व तयार अंतराळनौका कोणत्या बाजारात विकावी या निर्णयांत गेले. त्या जगातील बहुतेक सर्व नौका खेळाडूच बांधतात, म्हणून त्या निर्णयांना वजन आहे. कौशल्याचा आकडा आणि कारागिराची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या खेळाने आपल्या रचनेतूनच मान्य केले.

अवघडपणाची अट

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने गणनेला एक महत्त्वाची दुरुस्ती जोडली. प्रत्येक पात्राला दोनच मुख्य व्यवसाय घेता येत, आणि आरंभीच्या रचनेत पंचाहत्तर, दीडशे, सव्वादोनशे व तीनशे गुणांवर चार टप्पे होते. प्रत्येक वस्तूच्या कृतीला कारागिराच्या सध्याच्या पातळीनुसार रंग दिलेला असे: नारिंगी कृती केली की गुण निश्चित मिळे, पिवळी आणि हिरवी झाली की शक्यता उतरत जाई, आणि करडी कृती कितीही वेळा केली तरी काहीच मिळत नसे. ज्यावर हात बसला आहे ते करीत राहिल्याने कारागीर वाढत नाही, हे सत्य या रंगांनी लाखो खेळाडूंना कोणत्याही उपदेशाविना शिकवले.

तरीही या दुरुस्तीत एक उणीव राहिली. कृती अवघड आहे की नाही हे केवळ आकड्यांच्या तुलनेवर ठरत होते, आणि साहित्य हाती असले की वस्तू बहुधा हमखास तयार होत होती. त्यामुळे सर्वांत कमी खर्चात तीनशेचा टप्पा गाठण्याचा मार्ग एकदा कोणी काढला की तो सर्वांचा मार्ग झाला; अमुक वस्तू तीस वेळा, मग तमुक वस्तू वीस वेळा अशा यादीप्रमाणे चालणाऱ्याला निवड करावीच लागत नव्हती. ऑगस्ट २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ने यावर वेगळा उपाय योजला: साहित्याचे निरनिराळे मेळ जुळवून खेळाडूने काही कृती स्वतः शोधून काढाव्यात आणि त्या शोधाबद्दल अधिक गुण मिळवावेत. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’नेही नोव्हेंबर २०२२ च्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्तारात वस्तूंना गुणवत्तेच्या श्रेणी दिल्या, प्रत्येक व्यवसायात उपशाखा आणल्या आणि गिऱ्हाइकाने कारागिराकडे थेट काम सोपवण्याची सोय केली. अठरा वर्षांनंतर का होईना, या खेळाच्या रचनाकारांना साहित्याची प्रत आणि गिऱ्हाइकाची मागणी या दोन गोष्टींकडे यावे लागले, ही घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

साहित्य, जोखीम आणि शिष्य

या दोन्ही गोष्टी पूर्वीच गंभीरपणे हाताळणारा खेळ म्हणजे जून २००३ मध्ये सुरू झालेला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झालेला ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’. त्यातील प्रत्येक खनिजाला, कातड्याला आणि लाकडाला स्वतःचे गुणधर्म होते, जसे की वर्धनीयता, वाहकता आणि आघात सोसण्याची क्षमता. एखाद्या प्रतीचा साठा काही काळ सापडे आणि मग नाहीसा होई, त्याच्या जागी वेगळ्या प्रतीचा साठा येई. चांगल्या शस्त्रकाराला चांगला माल केव्हा व कोठे मिळतो याचे भान ठेवावे लागे, तो साठवावा लागे आणि कोणत्या वस्तूला कोणता गुणधर्म हवा हे जाणावे लागे. वस्तू झिजत असल्यामुळे तिची मागणी पुन्हा निर्माण होई. याहून विशेष म्हणजे, आरंभीच्या रचनेत एखाद्या व्यवसायाची सर्वोच्च पायरी गाठण्यासाठी इतर खेळाडूंना शिकवून मिळणारे वेगळे गुण लागत; शिष्य घडवल्याशिवाय कोणी उस्ताद होत नसे. केवळ गुणांसाठी वस्तू न बनवता सराव करण्याची सोयही तेथे होती, म्हणून सरावाचा कचरा बाजारात न येता जिरून जाई.

जोखमीचा घटक सर्वांत स्पष्ट रूपात दिसतो तो ऑगस्ट २०१३ मध्ये नव्याने सादर झालेल्या ‘फायनल फँटसी १४’मध्ये. त्यात सुतार, लोहार, चिलखतकार, सोनार, चर्मकार, विणकर, किमयागार आणि आचारी असे आठ हस्तव्यवसाय आहेत, आणि प्रत्येक वस्तू बनवताना कारागिरापुढे तीन गोष्टी असतात: काम किती पुढे गेले, वस्तूची गुणवत्ता किती वाढली आणि साहित्य आणखी किती घाव सोसेल. बहुतेक पावलांना साहित्याची सहनशक्ती घटते व कामाची स्थिती बदलते, म्हणून गुणवत्तेच्या मागे फार लागले तर वस्तू पुरी होण्याआधीच साहित्य वाया जाते आणि घाई केली तर साधारण वस्तू हाती येते. केव्हा थांबावे हे ठरवणे येथे कारागिरीचा भाग झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये आलेल्या ‘अ टेल इन द डेझर्ट’ने तर प्राचीन इजिप्तच्या पार्श्वभूमीवर लढाई पूर्णपणे वगळून उत्पादन, सहकार्य आणि कायदे यांवरच सारा खेळ उभा केला. त्याचे खेळाडू नेहमी थोडेच राहिले, तरी हस्तकाम हा दुय्यम भाग नसून संपूर्ण खेळाचा कणा होऊ शकतो हे त्याने दाखवून दिले.

सरावाविषयीचे संशोधन

खेळांतील या मतभेदांमागे खरा वाद आहे तो सराव आणि कौशल्य यांच्या संबंधाचा. १९५९ मध्ये क्रॉसमन या संशोधकाने सिगार वळणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवले की त्यांचा वेग वर्षानुवर्षे, लाखो सिगार वळून झाल्यावरही, सुधारत राहतो. १९८१ मध्ये ॲलन न्यूएल आणि पॉल रोझेनब्लूम यांनी अशा अनेक अभ्यासांतून सरावाचा घात-नियम मांडला: कामाला लागणारा वेळ आरंभी झपाट्याने आणि पुढे उत्तरोत्तर मंदगतीने कमी होतो. ‘रूनस्केप’चा आलेख याच नियमाच्या जवळचा आहे. परंतु हा नियम वेगाविषयी आहे. तेच काम, तेच साहित्य आणि तीच पद्धत गृहीत धरून तो उभा आहे. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून असे मांडले की, श्रेष्ठ प्रावीण्याचा संबंध केवळ घालवलेल्या तासांशी नसून उणिवेवर नेम धरून, मार्गदर्शनाखाली केलेल्या सरावाशी आहे. करड्या कृतीला गुण न देणारी रचना या विचाराच्या जवळ जाते.

तिसरी दृष्टी जीन लेव्ह आणि एटियन वेंगर यांच्या १९९१ च्या ग्रंथात आढळते. लेव्ह यांनी लायबेरियातील वाई समाजाच्या शिंप्यांकडे काम शिकणाऱ्या उमेदवारांचे निरीक्षण केले होते. तेथे उमेदवार प्रथम गुंड्या लावणे, काठ दुमडणे अशी शेवटची कामे शिकतो, मग शिवणे, आणि सर्वांत अखेरीस कापड बेतणे; म्हणजे शिकण्याचा क्रम उत्पादनाच्या क्रमाच्या उलट असतो. यामागे दुहेरी शहाणपण आहे. शेवटच्या कामातील चूक उसवून सुधारता येते, कात्रीची चूक कापडच वाया घालवते. शिवाय पूर्ण झालेले वस्त्र आधी हाताळल्यामुळे बेतण्याचे कारण उमेदवाराला आपोआप उमगत जाते. खेळांत मात्र नवशिका पहिल्या दिवसापासून एक स्वस्त वस्तू संपूर्ण बनवतो आणि पातळी वाढली की महाग वस्तू संपूर्ण बनवतो. कामाचे टप्पे पाडून त्यांची जबाबदारी क्रमाने सोपवण्याची ही रीत खेळांच्या रचनाकारांनी जवळजवळ दुर्लक्षित ठेवली आहे. मायकेल पोलान्यी यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले, म्हणजे जे जाणणाऱ्याला पूर्णपणे शब्दांत सांगता येत नाही असे ज्ञान, त्याची देवघेव अशा सहवासातच होते.

बांबूकामातील पायऱ्या

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात प्रामुख्याने मानवेल जातीचा बांबू वाढतो. त्याचे खांड कमी पोकळ, काही वेळा जवळजवळ भरीव असते. त्यामुळे ते मजबूत असते आणि चिरायला मेहनतीचे. बुरूड समाजाचा हा पिढीजात व्यवसाय असून सूप, टोपली, परडी, पंखा, चटई, भिंतीच्या व गाडीच्या तट्ट्या आणि धान्य साठवायची कणगी या त्याच्या नेहमीच्या वस्तू आहेत. वनालगतच्या इतर समाजांतही घरापुरते बांबूकाम करणारे हात असतात.

या कामाची पहिली पायरी विणण्याच्या कितीतरी आधी, बांबूच्या बेटात सुरू होते. विणकामाला कोवळे, लवचीक खांड सोयीचे असते, तर खांबाला आणि सांगाड्याला तीन वर्षांहून जुने, पक्व खांड लागते. बेट टिकायचे असेल तर कोवळी खांडे राखून ठेवावी लागतात, म्हणून विणणाऱ्याची सोय आणि बेटाचे हित यांत नेहमीच तोल साधावा लागतो. खांडातील पिष्टमय अंश किडीला बोलावतो. त्यामुळे तोड केव्हा करावी, खांड पाण्यात किती दिवस ठेवावे, टिकाऊ वस्तूंसाठी टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया करावी की नाही, हे सारे निर्णय वस्तूचे आयुष्य ठरवतात. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ने आकड्यांत मांडलेले साहित्याचे गुणधर्म येथे पेराच्या लांबीत, सालीच्या रंगात आणि खांडावर ठोकल्यावर येणाऱ्या आवाजात वाचावे लागतात.

दुसरी पायरी चिरण्याची. सुरी खांडाच्या मध्यातून सरळ गेली तर दोन सारख्या फाका मिळतात. ती एका बाजूला सरकू लागली की जाड बाजूवर दाब वाढवून चीर पुन्हा मध्यावर आणावी लागते, आणि हे काम गाठीशी विशेष अवघड होते. फाकांच्या कामट्या, कामट्यांची पातळ पाती, आणि त्यांतही बाहेरच्या सालीची चिवट पाती व आतल्या भागाची कमी टिकाऊ पाती असा भेद करावा लागतो. वाई शिंप्यांच्या कात्रीसारखेच हे काम आहे, कारण येथील चूक अख्खे खांड वाया घालवते. तिसरी पायरी विणीची, आणि तिचे गणित वापराने ठरते: पाखडायच्या सुपाची वीण तांदळाची कणीही गळू नये इतकी घट्ट हवी, तर धुतलेली मासळी ठेवायच्या टोपलीतून पाणी निथळून गेले पाहिजे. बूड बांधणे, कडा उभ्या करणे आणि काठ वळणे यांत काठाचे काम वस्तूचे वय ठरवते, कारण टोपली उचलताना सारा भार काठावरच येतो.

खेळाच्या भाषेत बोलायचे तर सूप, टोपली आणि कणगी या तीन ‘कृती’ झाल्या, आणि शंभर सुपे विणणाऱ्याची पातळी दहा सुपे विणणाऱ्यापेक्षा वरची. परंतु कारागिराच्या दृष्टीने प्रावीण्याचा कस अन्यत्र असतो: हलक्या प्रतीच्या खांडातूनही टिकाऊ वस्तू काढता येणे, गिऱ्हाइकाने सांगितलेल्या वापरासाठी वीण बदलता येणे, आणि कोणते खांड कशालाच उपयोगी नाही हे न चिरता ओळखता येणे. वेग या सर्वांच्या मागून येतो आणि त्याचे महत्त्व खरे आहे, कारण मजुरी त्यावर अवलंबून असते. पण तो कसबाचा परिणाम आहे, त्याची व्याख्या नव्हे.

साहित्याचा हक्क

ऑनलाइन खेळांत लाकूड, खनिज किंवा वनस्पती गोळा करणे हे बहुधा स्वतंत्र कौशल्य असते, आणि तोडलेले झाड काही मिनिटांत त्याच जागी पुन्हा उगवते. त्यामुळे साहित्य कोणाचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. गडचिरोलीत मात्र कारागिरीच्या वाढीचा इतिहास हा साहित्यावरील हक्काच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने बांबूला झाडांत गणले, त्यामुळे त्याच्या तोडीवर आणि वाहतुकीवर वन विभागाचे नियंत्रण राहिले. येथील जंगलातील बांबू दीर्घकाळ बल्लारपूरच्या कागद कारखान्याला पुरवला गेला, आणि बुरूडांना निस्तार पद्धतीने, म्हणजे स्थानिकांच्या घरगुती व व्यावसायिक गरजांसाठी सवलतीत दिल्या जाणाऱ्या वनोपजाच्या रूपाने, मिळेल त्या बांबूवर काम भागवावे लागले. लगद्यासाठी खांडाची पारख लागत नाही, सुपासाठी लागते. ज्याला बेटातून खांड निवडण्याची मुभा नाही, त्याची पारख पहिल्या पायरीवरच अडते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात स्पष्टपणे समाविष्ट केले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर क्षेत्रावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे व्यवहार स्वतःच्या हाती घेतले. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला, त्यामुळे शेताच्या बांधावरील लागवडीलाही वाट मोकळी झाली. कारागिरीच्या दृष्टीने या बदलांचे मोल पैशापुरते नाही. कोणते बेट केव्हा तोडावे हे गावाने ठरवू लागणे म्हणजे साहित्याच्या पारखीची पहिली पायरी कारागिराच्या आवाक्यात येणे होय. त्याबरोबर जबाबदारीही आली, कारण मानवेल बांबू काही दशकांतून एकदा मोठ्या क्षेत्रावर एकदम फुलतो आणि फुललेली बेटे मरतात. बियांपासून नवी बेटे उभी राहीपर्यंत राखण करणे हेही या व्यवसायाच्या कौशल्यातच मोडते.

अधिकृत श्रेणी

खऱ्या कारागिरांसाठीही शासनाने पायऱ्या आखल्या आहेत. २७ डिसेंबर २०१३ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीने कामांची आरंभी दहा स्तरांत वर्गवारी केली आणि २०२३ च्या सुधारणेनंतर हे स्तर आठ झाले. शाळेची पायरी न चढता काम शिकलेल्यांसाठी पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोयही त्यासोबत आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय असून टोपली, चटई व झाडू बनवणारे त्यांत येतात. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक आणि पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, दररोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख व नंतर दोन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज अशी तिची रचना आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि विदर्भातच मेळघाटातील लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने स्थानिक कारागिरांच्या हाताला नव्या वस्तू व नवे बाजार जोडून देण्याचे काम केले आहे.

या योजनांचा हेतू स्वागतार्ह आहे, आणि अवजारे व स्वस्त कर्ज यांची गरज निर्विवाद आहे. परंतु पायऱ्या मोजण्याची त्यांची रीत खेळांच्या पहिल्या पिढीकडे झुकण्याचा धोका आहे, कारण दिवस, तास आणि प्रमाणपत्रे मोजायला सोपी असतात. प्राथमिक प्रशिक्षणात प्रत्येकाने एकसारखी शोभेची वस्तू बनवली आणि त्या वस्तूला पुढे गिऱ्हाईक मिळाले नाही, तर ‘अल्टिमा ऑनलाइन’मधील खंजिरांहून तिची स्थिती वेगळी राहत नाही. दुसरीकडे, चाळीस वर्षे सूप विणणाऱ्या कारागिराला आणि पहिल्यांदा सुरी धरणाऱ्याला एकाच प्राथमिक वर्गात बसवले, तर करड्या कृतीचा नियम मोडतो.

या प्रश्नाला विदर्भाच्या भूमीत पूर्वी दिलेले एक उत्तर येथे लक्षात घेतले पाहिजे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या शिक्षणाची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. पुढे ती ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेली. विद्यार्थ्याने बनवलेली वस्तू विकली जाण्याजोगी असावी हा गांधीजींचा आग्रह तेव्हाही वादग्रस्त ठरला होता, आणि त्यामुळे मुलांच्या श्रमांचे शोषण होईल ही टीका गांभीर्याने घ्यावी अशीच होती. तरी त्या आग्रहामागील शैक्षणिक विचार आजही ग्राह्य आहे: जी वस्तू कोणी वापरणारच नाही, तिच्यातील चूक कोणी दाखवणार नाही, आणि चूक न दाखवणाऱ्या सरावाने हात पुढे जात नाही.

निष्कर्ष

तीन दशकांच्या प्रयोगांतून ऑनलाइन भूमिकाखेळ कृतींच्या गणनेकडून अवघडपणाच्या अटीकडे, तेथून साहित्याच्या प्रतीकडे, जोखमीकडे आणि गिऱ्हाइकाच्या मागणीकडे आले आहेत. हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही; २००३ च्या ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ने जे साधले होते ते इतरांना कित्येक वर्षांनी सुचले. पण त्याची दिशा स्पष्ट आहे, आणि खेळ हे करमणुकीचे साधन असले तरी माणूस हस्तकामाच्या प्रगतीला केव्हा प्रगती मानतो याचा त्यांनी मोठ्या प्रमाणावर घेतलेला अनुभव प्रशिक्षणाच्या आखणीला उपयोगी पडण्यासारखा आहे.

मुलचेरा तालुक्यासारख्या ठिकाणी बांबूकामाची श्रेणी ठरवायची झाली, तर या आढाव्यातून चार गोष्टी निघतात. पहिली, परीक्षेची सुरुवात बांबूच्या बेटात व्हावी आणि खांड निवडण्याच्या क्षमतेला विणीइतकेच गुण असावेत. त्यासाठी ग्रामसभेचे वनक्षेत्र हीच प्रशिक्षणाची पहिली जागा मानावी. दुसरी, शिकण्याचा क्रम चुकीच्या किमतीनुसार लावावा, म्हणजे नवशिक्याने आधी वीण आणि काठ हाताळावा आणि महाग खांड चिरण्याची जबाबदारी त्याच्याकडे उशिरा यावी. तिसरी, प्रत्येक टप्प्यावरील वस्तू खऱ्या वापरात जावी, आणि वापरणाऱ्याने काही महिन्यांनी दिलेला अभिप्राय हा मूल्यमापनाचा भाग असावा; भातशेतीच्या या प्रदेशात सूप आणि कणगी यांना असे वापरणारे घरोघरी मिळतात. चौथी, सर्वोच्च श्रेणी शिष्य घडवणाऱ्यालाच मिळावी आणि त्या शिकवण्याच्या श्रमाला विद्यावेतनाइतकाच रोख मोबदला असावा, कारण अव्यक्त ज्ञान प्रमाणपत्रातून नव्हे तर शेजारी बसून पुढच्या पिढीकडे जाते. या चारही गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. त्यांना लागतो तो पातळी म्हणजे काय याविषयीचा विचार बदलण्याची तयारी. ती दाखवली गेली, तर तालुक्यातील बुरूडकाम अनुदानाच्या यादीतील एक नोंद न राहता शिकलेल्या तरुणांनाही निवडावासा वाटेल असा व्यवसाय होऊ शकेल.